चष्म्यासकट

“मान किंचित डावीकडे. खांदे सोड. आता विचार नको करूस, विचार दिसतो.”

एवढंच मी स्टेजवर म्हटलं ना, की डोंबिवली पूर्वेच्या तिशीतल्या बायका बसल्या जागी मान डावीकडे करतात. खोटं वाटत असेल तर कुठल्याही गणपतीला या, करून दाखवतो. बाकी माझ्या नकला तुम्हाला माहीत आहेतच. नेते, स्टेशनवरची अनाउन्समेंट, आमच्या हेडमास्तरांचं शिंकणं. त्यांना लोक हसतात. या आवाजाला हसत नाहीत, दचकतात.

हा आवाज शालिनीवहिनींचा.

आमच्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ मूळचा त्यांच्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं की आता शटर कायमचं खाली. वहिनी बिचाऱ्या माहेरी जातील, नाहीतर पापड लाटतील, असं आमच्या मजल्यावरच्या बायकांनी परस्पर ठरवूनसुद्धा टाकलेलं. आणि दिवस-पाणी उरकल्यावर एका सकाळी शटर वर. आत वहिनी. वॉयलची साडी, पदर खोचलेला, आणि कानावर सुतारासारखी पेन्सिल. आम्ही चाट! बाई आणि फोटोग्राफर? दोन्ही एकाच वेळी?

ती पेन्सिल म्हणजे प्रकरण होतं. निगेटिव्हवर रीटचिंग करायची, सुईसारखी टोकदार. कुणी जरा जवळून गेलं की वहिनी ओरडायच्या, “टोक!” पोस्टमन, वाणी, खुद्द त्यांचे दीर, सगळ्यांना “टोक!” आणखी एक सवय. बोलताना समोरच्याला दंडाला धरून उजेडाकडे वळवायच्या आणि मगच बोलायच्या. दुधाच्या रांगेतसुद्धा. आमच्या बाबांना एकदा असंच वळवलं तर बाबा दोन दिवस कुणाशी शब्द बोलले नाहीत. परस्त्रीने दंडाला धरलं म्हणून नाही हो. “तुमचा उजवा डोळा जास्त प्रामाणिक आहे,” असं म्हणाल्या म्हणून.

डार्करूममध्ये घड्याळ नव्हतं. कागद औषधात टाकला की आतून एकोणतीसचा पाढा ऐकू यायचा. पाढा संपला की फोटो झाला. ढगाळ दिवसाच्या फोटोला एकोणतीस हळू म्हणायच्या. मध्येच कुणी दार वाजवलं तर आतून, “थांबा, दोनशे एकसष्टवर आहे!”

पण धंदा चालायचा तो स्थळाच्या फोटोंवर. मुलगी दाखवायच्या आधी तिचा फोटो जायचा, आणि डोंबिवलीत असं बोललं जायचं की वहिनींच्या फोटोला नकार येत नाही. मुलगी आईबरोबर यायची. मागे निळा पडदा, बाजूला प्लास्टिकच्या पानांची कुंडी, भिंतीला आरसा. चष्मा असला तर मुलीने तो काढून आईच्या हातात द्यायचा. हे कुणी सांगावंच लागायचं नाही, देवळाबाहेर चप्पल काढतात तसा तो निघायचा. मग मुलीला कॅमेरा दिसायचा नाही. ती कुंडीकडे बघून लाजायची. मग “विचार नको करूस,” मग खटका. रात्री वहिनी पेन्सिल घेऊन बसायच्या. देवीचे व्रण गुल, डोळ्याखालचं काळं गुल, हनुवटी एक असेल तर ठीक, नाहीतर एक करायची.

एक गृहस्थ आलेले, ते मी स्वतः ऐकलंय. मी तेव्हा कॉलेज संपवून मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत चिकटलेलो आणि संध्याकाळी वहिनींच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करायचो. मला त्या पोपट म्हणायच्या. तर ते गृहस्थ म्हणाले, “वहिनी, मुलगी जरा अजून गोरी करा.”

“किती?”

“करा की भरपूर. कागदच आहे.”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “करते. पण बघायला आल्यावर जावयाने विचारलं, यातली मुलगी कुठाय, तर काय सांगणार? मामाकडे गेलीय?”

गृहस्थ फोटो तसाच घेऊन गेले. लग्न जमलं. पेढे आले.

असं सगळं छान चाललेलं असताना वहिनी एकदा फोटोच्या कागदाची पाकिटं आणायला मुंबईला गेल्या आणि वेड लागून परत आल्या. हे वाक्य माझं नाही, त्यांच्या दिराचं, सुरेशभाऊजींचं. झालं काय, फिरून फिरून वहिनींचे पाय दुखायला लागले. एका दारातून आत बाकडं दिसलं, म्हणून त्या आत जाऊन बसल्या. ते फोटोंचं प्रदर्शन होतं. बाकड्यासमोर एका म्हातारीचा मोठा फोटो.

“बसले ती बसलेच रे पोपटा,” त्या मला सांगत होत्या. “तिच्या कपाळावर आठ्या बघ कशा, नांगरल्यासारख्या. माझा हात आपोआप कानाकडे गेला, पेन्सिलीकडे. मी ह्या सगळ्या पुसल्या असत्या. एक ठेवली नसती. आणि मग काय उरलं असतं सांग?”

“काय?”

“कपाळ.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला धरून उजेडात वळवलं आणि म्हणाल्या, “इतकी वर्षं मी लोकांची कपाळं विकली.”

पुढच्या सोमवारी सकाळी मी कंपनीत जायला खाली उतरलो आणि जिन्यातच थांबलो. रस्त्यावर माणसं जमलेली. मला वाटलं अपघात झाला. बघतो तर वहिनींचं शोकेस. रस्त्याच्या बाजूला मोठी काच होती, तिच्यात नेहमी लाजणाऱ्या, गोऱ्यापान, एकाच हनुवटीच्या मुली असायच्या. त्या सगळ्या गायब. त्यांच्या जागी आमच्या शाळेच्या जोशीबाई, भुवया वर करून, कुणाचं तरी उत्तर चुकलंय अशा. खालच्या मजल्यावरची नर्स, ड्युटीवरून येऊन पायरीवर बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं. आणि मधोमध, सगळ्यात मोठा, आमची मासेवाली हिराबाई. ती कळव्याहून यायची. डोक्यावर पाटी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, जबडा वासलेला, ओरडताना पकडलेली. रीटचिंग शून्य. जसंच्या तसं.

“हे काय लावलंय?” लोक विचारत होते. “बायकांचे असले फोटो काढतात? आणि वर काचेत?”

जोशीबाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, “मी अशी दिसते? मग बरोबर आहे, मुलं घाबरतात ते,” आणि गेल्या. नर्सला आधी विचारलेलं, तरी ती लाजून आठवडाभर मागच्या दाराने जायची. पण सगळे वाट बघत होते हिराबाईची. तिला काय विचारलं होतं, तिला काय समजलं होतं, कुणास ठाऊक. हिराबाईच्या तोंडाला आमच्या गल्लीतले पोलीससुद्धा टरकून असायचे. आता काच फुटणार, या खात्रीने दोघं-तिघं कामावर गेले नाहीत. त्यात मी पण होतो.

हिराबाई आली. पाटी खाली ठेवली. काचेला नाक लावून बघत राहिली. आम्ही सगळे श्वास धरून.

“वयनी!” अशी काय हाक मारली की वहिनी धावत बाहेर. “वयनी, ह्यान त माजा आवाज पन दिसतंय गो!”

आणि दुसऱ्या दिवशी ती नवरा, सून, दोन नातू, सगळ्यांना अंगावर चांगले कपडे घालून घेऊन आली. काचेसमोर उभी राहून स्वतःकडे बोट दाखवत होती. कौतुकाने. मी आयुष्यभर लोकांचे आवाज काढतोय, पण आवाज काचेत टांगता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण हिराबाईला लग्नाची मुलगी नव्हती. ज्यांना होती त्या आया शोकेस बघून रस्ता ओलांडून जायला लागल्या. “उद्या आमच्या मुलीलाही झोपलेली दाखवेल ही बाई.” स्टेशनजवळ नवीन कलर स्टुडिओ निघालेला, मागे धबधब्याचा पडदा, गर्दी तिकडे वळली. गाळा होता सुरेशभाऊजींच्या नावावर. त्यांना तिथे एसटीडी बूथ काढायचं होतंच. ते दुकानात आले, माझ्यासमोरच म्हणाले, “वहिनी, दिवाळीपर्यंत बघतो. ते जुने फोटो परत लावा, गिऱ्हाईक आणा, नाहीतर चावी माझ्याकडे द्या. मी काही तुमचा शत्रू नाही.”

“टोक!” वहिनी म्हणाल्या. भाऊजी दचकून मागे सरकले.

आता यात आमचं घर कुठून आलं, तर माझी ताई. नंदाताई. बँकेत नोकरी, हुशार, आणि चष्मा असा की तो काढला तर ती दारालाच “या, बसा” म्हणेल. स्थळाचा फोटो काढायला बाबांनी मला तिच्याबरोबर पाठवलं. सूचना एकच. चष्मा नको. वहिनींनी फोटो तसा काढला. कुंडी, पडदा, लाजणं, सगळं नेहमीचं. “झालं,” म्हणाल्या. ताईने चष्मा लावला आणि चप्पल शोधायला लागली. मी मागून बाबांच्या आवाजात म्हटलं, “नंदा, हसू नकोस. हसलीस की दात दिसतात, दात दिसले की खर्च दिसतो.” ताई अशी हसली, कंबरेत वाकून, चष्मा नाकावरून घसरलेला, एका हाताने तो धरतेय. आणि खटका वाजला.

“हा काचेत लावू का?” वहिनींनी विचारलं.

“लावा,” ताई म्हणाली. “कोण ओळखणारेय मला? घरीसुद्धा मला चष्म्याशिवायच ओळखायला शिकवतायत.”

शनिवारी संध्याकाळी तो फोटो लागला. रविवारी सकाळी कल्याणहून पाहुणे आले. बाबांनी खाली उतरून काच बघायचा प्रश्नच नव्हता, ते पहाटेपासून सतरंजी सरळ करत होते.

मुलगा, त्याची आई आणि वडील. ताई चहा घेऊन आली, चष्मा नाही. खुंटीवरच्या बाबांच्या कोटाला तिने नमस्कार केला नाही, एवढीच देवाची कृपा. प्रश्न झाले. गाणं येतं का, साबुदाणा येतो का. मुलाची आई प्रेमळ बाई होती. म्हणाली, “मुलगी छान आहे हो. शांत आहे.” बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग त्या बाई जरा पुढे वाकल्या.

“रागावू नका, पण एक विचारू? खाली फोटोच्या दुकानात काचेत एक चष्मेवाली आहे बघा. पोट धरून हसतेय. ती इथलीच का? नाही, माझा धाकटा आहे अजून लग्नाचा. घरात असं एक माणूस हवं हो. मी उन्हात उभी राहून बघत होते, मला पण हसू येत होतं.”

बाबा म्हणाले, “चष्मेवाली? आमच्या बिल्डिंगमध्ये चष्मेवाली कुणी नाही.”

स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या मुलीसमोर! मी भिंतीला टेकलो. आईने पदर तोंडात धरला. ताई उठली. रेडिओच्या मागे हात घातला, चष्मा काढला, साडीच्या टोकाला पुसला आणि लावला.

“मीच ती,” म्हणाली.

मग त्या बाई इतक्या खूश झाल्या की जागेवरून उठल्याच. “अगोबाई! तीच की गं तू! मग हे काय सोंग काढलेलं मघापासून?” ताईचे हात हातात घेतले. मुलाचे वडील हसले. मुलाकडे बघून म्हणाले, “काय रे, बोल आता.” मुलगा म्हणाला, “पसंत आहे.” बाबांच्या डोळ्यांत पाणी. दोन्ही डोळ्यांत, उजव्याच नाही.

मग मुलगा पुढे म्हणाला, “लग्नाच्या अल्बममध्ये मात्र चष्मा नको.”

ताई त्याच्याकडे बघत होती. आल्यापासून तो तिला पहिल्यांदाच नीट दिसत होता.

“मग अल्बमला दुसरी कुणी बघा,” ती म्हणाली. “मला नाही पसंत.”

आमच्या घराण्यात मुलीने नकार दिल्याची ही पहिली वेळ. आईला तर आधी वाटलं मीच ताईच्या आवाजात बोललो. खरंच, तिने मला फटका मारला. मुलाची आई तेवढी जिना उतरताना लेकाला म्हणत होती, “घालवलीस. घालवलीस ना!”

संध्याकाळपर्यंत डोंबिवलीभर झालं. त्या स्टुडिओवालीच्या फोटोने मुलीचं डोकं फिरवलं, म्हणे. बाबा आयुष्यात कुणाशी मोठ्याने बोलले नव्हते, ते खाली गेले. सुरेशभाऊजी तिथे होतेच. मी मागोमाग.

बाबा म्हणाले, “वहिनी, माझी विनंती आहे. तो फोटो उतरवा.”

भाऊजी म्हणाले, “वहिनी, मी पण शब्द देतो. एवढा एक फोटो उतरवा, ह्यांची माफी मागा, जुन्या मुली परत लावा. मग मी बूथचं नाव काढणार नाही. दुकान तुमचं. ह्यांच्यासमोर सांगतो.”

मी मनात म्हटलं, उतरवा ना वहिनी, एक तर फोटो आहे! वहिनींनी काय करावं? बाबांना दंडाला धरून काचेकडे वळवलं. “आधी बघा तरी,” म्हणाल्या. बाबांनी बघितलं. खूप वेळ.

“चेहरा तिचा आहे. तिला विचारा,” वहिनी म्हणाल्या.

ताई खाली आलीच होती. चष्मा लावून. तिने भाऊजींचं बोलणं ऐकलेलं. ती काचेकडे न बघता म्हणाली, “उतरवा वहिनी. माझ्या एका फोटोपायी तुमचं दुकान नको जायला.”

“नक्की?”

“हो.”

वहिनींनी काच सरकवली. ताईचा फोटो काढून तिच्या हातात दिला. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. बाबा “आभारी आहे” म्हणायला लागले. आणि वहिनी थांबल्याच नाहीत. त्यांनी जोशीबाईंना उतरवलं. नर्सला उतरवलं. हिराबाईला दोन हातांनी धरून सांभाळून उतरवलं. बोर्डावर नुसते खिळे राहिले.

“अहो, बाकीचे असू देत!” भाऊजी म्हणाले. “एवढाच म्हटलेलो मी!”

“एवढाच कसा,” वहिनी म्हणाल्या. “ह्या पोरीने माझी दया येऊन तो उतरवायला सांगितला. ती दया घेऊन दुकान ठेवायचं, आणि उद्या कुणाच्या तरी मुलीला सांगायचं, चष्मा काढ? जुन्या मुली मला आता लावता येत नाहीत, भाऊजी. हाताला जमत नाही.” कमरेची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. “आरसा मात्र माझा आहे, तो नेते.”

दिवाळीला अजून अवकाश होता. भाऊजींना दुकान हवं होतं, पण असं नको होतं. बाबा रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ताईचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत, पाहुणे बसतात त्याच्या बरोब्बर समोर. खिळा बाबांनी ठोकलेला, म्हणून वाकडा. ताईचं पुढे लग्न झालं का, असं सगळे विचारतात. मी नाही सांगत. विषय फोटोंचा चाललाय.

वहिनी नंतर कारखान्यांतून ओळखपत्रांचे फोटो काढायच्या. आमच्या कंपनीतही आल्या. दोनशे माणसं रांगेत, टाय नाही, कोट नाही, आणि ही बाई प्रत्येकाला विचारतेय, “घरी कोण हाक मारतं तुला? काय म्हणून?” फोटो आले तर अख्ख्या खात्याची ओळखपत्रं बायकोने हाक मारल्यासारखी. वॉचमन म्हणाला, “साहेब, मी यांना ओळखूच शकत नाही, इथे हे असे कधीच नसतात.” सगळे परत काढावे लागले. दुसऱ्याकडून. वहिनींना परत बोलावलं नाही. मग त्या ठाण्याला राहायला गेल्या, असं कळलं.

शेवटचं बघितलं ते टेंभी नाक्याला, नवरात्रात. मी जवळच कार्यक्रमाला गेलेलो, वेळ होता म्हणून देवीच्या रांगेकडे वळलो. ही गर्दी. सगळे फोटोवाले देवीकडे कॅमेरे उंचावून उभे. आणि त्यांच्यामध्ये एका लाकडी स्टुलावर वहिनी, देवीकडे पाठ करून. केस पांढरे झालेले, पदर तसाच खोचलेला. कॅमेरा बायकांच्या रांगेवर.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता खालून ओरडत होता, “ओ काकू, येडे झाले का? देवी तुमच्या मागे आहे!”

“माहितीय रे बाळा.”

“मग फिरा ना! नाहीतर उतरा खाली, रस्ता अडतोय!” आणि त्याने स्टुलाला हात घातला. स्टूल डुगडुगलं. मी पुढे घुसलो, पण माझ्याआधी रांगेतल्या एका जाड्या बाईने स्टुलाचा पाय धरला. “हात नको लावू तिला,” ती त्या पोरावर खेकसली. “आमचा फोटो काढतेय ती. देवीचे रोजच काढतात.”

झालं. ते ऐकताच रांगेतल्या सगळ्या बायकांना कळलं. कुणी पदर नीट केला, कुणी केस मागे सारले, एकीने पोराचं नाक पुसलं. मागे एक कॉलेजची मुलगी होती, तिने चटकन चष्मा काढून मुठीत लपवला. सगळ्या फोटोला उभ्या राहिल्यासारख्या ताठ झाल्या.

वहिनींनी कॅमेरा खाली घेतला.

मी हाक मारणार होतो, मारली नाही. त्या ओरडल्या नाहीत, कुणाला काही सांगितलं नाही. कॅमेरा पोटाशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. रांग ढकलली जात होती, कार्यकर्ता कपाळावर हात मारत होता, स्टुलाचा पाय त्या बाईने अजून सोडला नव्हता. हळूहळू बायका कंटाळल्या. गप्पा सुरू झाल्या. त्या मुलीला समोरची पायरी दिसेना, म्हणून तिने चष्मा परत लावला, मान वर केली, आणि तिला देवी दिसली.

वहिनींचा कॅमेरा वर आला.